फ्लॅटमध्ये कुत्रा आणायचा? आधी घड्याळ बघा, मग ब्रीड

‘वन बीएचके आहे, म्हणजे छोटंच कुत्रं घ्यायला हवं.’ बहुतेक घरांत हे आधीच ठरलेलं असतं आणि चूक तिथेच होते. कुत्र्याला चौरस फुटांशी फारसं देणंघेणं नसतं. घर किती तास रिकामं असतं, त्याला खाली कोण नेणार, भिंतीपलीकडच्यांना किती आवाज चालतो आणि मे महिन्यात दुपारी घर किती तापतं, यावर सगळं अवलंबून आहे. नऊ तास एकटा राहिलेला बीगल सगळा मजला डोक्यावर घेतो. रोज नीट फिरवलेला पाच वर्षांचा लॅब्रेडॉर मात्र त्याच वन बीएचकेत दाराशी घोरत पडलेला असतो.

पायरी १ : वेळापत्रक कागदावर मांडा

पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला दिवसातून किमान तीनदा खाली न्यावं लागतं. त्यातल्या दोन फेऱ्या अर्धा-पाऊण तासाच्या हव्यात. पिल्लाचा साधा हिशोब असा : वय जितके महिने, त्यात एक मिळवा, साधारण तितके तास ते शू रोखू शकतं. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू फार तर तीन तास, आणि रात्रीही एकदा उठावं लागतंच. प्रत्येक फेरीसमोर घरातल्या एकेकाचं नाव लिहा, पावसाळ्यातल्या सकाळी सहाच्या फेरीसमोरही. ‘सगळे मिळून करू’ याचा अर्थ बहुतेक घरांत ‘आई करेल’ असाच निघतो, तेव्हा तिला आधी विचारा.

दोघंही नोकरीवर जात असतील आणि दिवसा घरी कुणीच नसेल, तर पिल्लाचा विचार सोडा. निवारा केंद्रातून दोन-तीन वर्षांचा कुत्रा आणा आणि दुपारी एकदा फिरवून आणणारा माणूस लावा.

पायरी २ : इमारत तपासा

लिफ्ट नसेल तर डॅशहंड नको. लांब पाठ आणि आखूड पाय असल्यामुळे त्याच्या मणक्यातली चकती सरकण्याचा धोका मोठा असतो. रोजचे जिने आणि सोफ्यावरच्या उड्या तो वाढवतात. मोठ्या कुत्र्याचं दुखणं वेगळं. म्हातारपणी सांधे धरले की तीस किलोचा लॅब्रेडॉर तिसऱ्या मजल्यावरून रोज तीनदा कोण उचलून नेणार? गुळगुळीत टाइल्सवर पाय फाकतात, ते मोठ्या ब्रीडच्या वाढत्या पिल्लांच्या खुब्यांना चांगलं नाही. त्याच्या वावरण्याच्या वाटेवर सतरंजी किंवा रबरी मॅट टाका. बाल्कनीच्या गजांतून डोकं शिरलं की पाठोपाठ अंगही जातं, म्हणून कुत्रा येण्याआधीच जाळी बसवून घ्या.

सोसायटीचं म्हणाल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत : बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. पण कायदा बाजूने आहे म्हणून शेजारी गप्प बसत नाहीत, आणि आवारातली घाण उचलायची पिशवी खिशात हवीच. भाड्याने राहत असाल तर लिव्ह अँड लायसन्सच्या करारात पाळीव प्राण्यांबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा.

पायरी ३ : आता ब्रीड

पग फ्लॅटसाठी सोयीचा समजला जातो. भुंकणं कमी, धावायची हौस बेताची. पण कुत्रा थंड होतो तो मुख्यतः धापा टाकून, तोंडातल्या ओलाव्याची वाफ करून. पगचं नाक चपटं आणि श्वासाची वाट अरुंद. त्यात मुंबई-कोकणची दमट हवा, जिथे ओलावा लवकर सुकतच नाही. फ्रेंच बुलडॉगचंही तेच. उन्हाळ्यात त्यांना सकाळी सातच्या आत आणि रात्रीच फिरवता येतं, दुपारी एसी लागतो. तरीही पगच हवा असेल तर पिल्लाचं नाक समोरून बघा. नाकपुड्या स्वल्पविरामासारख्या उघड्या हव्यात, नुसती चीर नको. मग पाच मिनिटं खेळवा आणि कान जवळ नेऊन ऐका. खेळ थांबल्यावरही घरघर चालूच राहिली तर ते पिल्लू घेऊ नका.

शीत्झू शांत आणि माणसाळलेला, पण केस रोज विंचरावे लागतात. पावसाळ्यात पोट ओलं राहिलं की गुंता होतो आणि खाली कातडी खराब होते. केस बारीक ठेवले तर काम निम्मं होतं. पॉमेरेनियन म्हणून आपल्याकडे जो पांढरा कुत्रा मिळतो तो बहुधा इंडियन स्पिट्झ असतो. हुशार, काटक, इथल्या हवेला सरावलेला. दोष एकच, पण मोठा : लिफ्टचं दार वाजलं की भुंकतो. बीगल मुळात टोळीने शिकार करणारा, एकटं राहणं त्याला मानवत नाही. शिवाय खादाड, त्यामुळे फ्लॅटमध्ये पटकन सुटतो.

हस्की आणू नका. दुहेरी केसांचा, बर्फात गाडी ओढणारा कुत्रा ठाण्यातल्या दहाव्या मजल्यावर ठेवणं हा छळ आहे, एसी कितीही चालवा. आपल्या दख्खनचा कारवानी इथल्या उन्हाला पक्का, अंगावर केस आखूड. पण तो मोकळ्या माळावर सशामागे धावणारा. जवळ कुंपण घातलेलं मैदान नसेल तर त्याच्याही वाट्याला जाऊ नका.

आणि गावठी, म्हणजे इंडी. आखूड केस, उन्हापावसाला टिकणारा, चपट्या नाकाची किंवा लांब पाठीची पिढीजात दुखणी नाहीत. राखणीचा स्वभाव असतो, म्हणून अनोळखी माणसाची सवय पहिल्या चार-पाच महिन्यांतच लावा.

पायरी ४ : पिल्लू घेताना

आई बघितल्याशिवाय पिल्लू घेऊ नका. ती माणसाला बिचकत असेल तर पिल्लंही बिचकी निघण्याची शक्यता जास्त. २०१७च्या श्वानपैदास नियमांनुसार पैदासकाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. ‘पस्तीस दिवसांचं आहे, लवकर लळा लागेल’ असं कुणी म्हणालं तर तिथून निघा. हात-पाय बारीक आणि पोट नगाऱ्यासारखं असेल तर जंत असण्याची शक्यता मोठी. डोळ्यांत चिपडं, शेपटीखाली ओलं, कानाला घाण वास, यांपैकी काहीही दिसलं तर घाई करू नका, डॉक्टरांना दाखवा.

लसींचे डोस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात, दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर. मुंबईत उंदरांमुळे लेप्टोची लस चुकवू नका. महापालिकेच्या परवान्याला रेबीजच्या लसीचा दाखला लागतोच, तो जपून ठेवा. शेवटचा डोस होऊन दोन आठवडे जाईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर उतरवू नका, पार्व्हो हा पिल्लांना जुलाब-उलट्यांनी जिवावर उठणारा विषाणू मातीतून येतो. तोवर शी-शूसाठी बाथरूममध्ये वर्तमानपत्र अंथरा. बाहेरची ओळख कडेवरूनच करून द्या : लिफ्ट, रिक्षा, वॉचमन, शेजारच्या आजी.