क्लच शिकवताना ॲक्सिलरेटर बाजूला ठेवा

नवख्याला गाडी शिकवायला बसलात की सीट, आरसे, पट्टा, गिअरच्या जागा हे सगळं इंजिन बंद असतानाच उरकून घ्या. जागा सपाट आणि मोकळी हवी. हाताने ओढायचा हँडब्रेक असलेलीच गाडी घ्या आणि तुमचा हात त्यावर राहू द्या.

आधी शब्द ठरवा. नुसतं "सोड" म्हटलं की गोंधळलेला माणूस ब्रेकही सोडतो. "क्लच सोड", "क्लच दाब" असं पूर्ण बोला. "थांब" म्हणजे क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबायचे. एवढे तीन हुकूम पुरेत.

खरी गोची क्लच सोडण्यात आहे. "हळूहळू सोड" असं सगळेच सांगतात, तरी गाडी बंद पडतेच. कारण शिकवायचं असतं ते पाय मध्येच थांबवणं. चाकांकडे जोडलेली क्लच प्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनसोबत फिरणाऱ्या जड चकतीला, टेकते तेव्हा इंजिन फिरत असतं आणि चाकं उभी असतात. दोघांचा वेग जुळेपर्यंत प्लेटला थोडं घसरू द्यावं लागतं. गाडी हलली की नवख्याला वाटतं झालं काम. तो पाय उचलतो, हिसका बसतो, इंजिन बंद.

म्हणून आधी हँडब्रेक ओढून, उजवा पाय ब्रेकवर ठेवून पहिला गिअर टाकायला सांगा. क्लच वर येऊ दे. इंजिनचा आवाज जड झाला, गाडी किंचित थरथरली की लगेच दाबायचा. असं दहा वेळा. टाच खाली टेकलेली हवी. ती हवेत असली तर पोटरी थरथरते आणि पाय एका जागी राहत नाही.

मग हँडब्रेक काढा. क्लच त्याच जागी आणायचा, ब्रेक सोडायचा, गाडी हलली तरी पाय तिथेच. तुम्ही मोठ्याने "एक, दोन, तीन" मोजा, मगच उरलेला क्लच सोडू द्या. सपाटीवर बहुतेक गाड्या नुसत्या आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, चालू लागतात. थांब, पुन्हा, पंधरा-वीस वेळा.

इथे "थोडी रेस दे" अजिबात म्हणू नका. रेसने चूक झाकली जाते, पायाला काही कळत नाही आणि प्लेट झिजते. जळका वास आला तर न्यूट्रलवर थांबून गाडी थंड होऊ द्या.

आयडलवर सलग दहा वेळा गाडी निघाली की ॲक्सिलरेटर द्या. दुसरा गिअर त्यानंतर सहज जमतो. चढ मात्र वेगळ्या दिवशी, हँडब्रेक लावूनच. एका बैठकीत अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त नको; डावा पाय थकला की जमलेलंही बिघडतं.