बांधीतल्या सारसांवर नजर ठेवायची तर : तयारीची यादी

गोंदिया-भंडाऱ्याकडे सारसांची जोडी घरटं धरते ती पावसाळ्यात, धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, नाहीतर तलावातल्या देवधानात, म्हणजे आपोआप उगवणाऱ्या रानटी धानात. बांधी कुणाच्या तरी मालकीची असते, म्हणून दुर्बिणीच्या आधी शेतकऱ्याला भेटा, तेही रोवणीपूर्वी (धानाची रोपं लावण्याआधी). धान हलकं (लवकर येणारं) लावणार की भारी (उशिरा येणारं), निंदण कधी, फवारणी कधी, कापणी हाताने की हार्वेस्टरने, हे सगळं विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. ते का, हे पुढे कळेलच.

सामानात ८×४२ किंवा १०×४२ दुर्बीण हवी. स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण) असला तर २०-६० पटीचा पुरे, पण ट्रायपॉड भक्कम असावा. बांधीच्या ओल्या पाळीवर (बांधावर) त्याचे पाय रुततात आणि चित्र हलत राहतं. प्रत्येक पायाखाली डब्याचं झाकण ठेवलं की काम भागतं. भिंगासाठी सुती फडकं, पिशवीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या. गमबूट घालाच, पाळीवर घोणस असते. कपडे मातकट रंगाचे, छत्री काळी. रंगीत छत्री लांबून डोळ्यात भरते. ड्रोन आणि फ्लॅश घरीच ठेवा.

घरट्यापासून निदान दीडशे-दोनशे मीटर लांब बसा आणि रोज त्याच जागी बसा. अंड्यावरचा पक्षी मान ताठ करून उठू लागला, तर तुम्ही जवळ आलात असं समजा आणि मागे सरका. पक्षी उठला की अंडी उघडी पडतात, आणि कावळे टपलेलेच असतात. घरट्याकडे पायवाट पाडू नका. त्याच वाटेने कुत्री पोहोचतात.

पहाटे उजाडल्यापासून नऊपर्यंतची वेळ चांगली. पुढे ऊन पडलं की स्कोपमध्ये सगळं थरथरायला लागतं. अंड्यावर दोघंही आळीपाळीने बसतात, म्हणून दिसला तो नर असं गृहीत धरू नका. जोडीने साद घालताना नीट ऐका: नराच्या एका लांब सादेला मादीच्या आखूड दोन-तीन सादा पडतात. पाऊस जोराचा झाल्यावर जोडी काड्या-गवत ओढताना दिसली तर नवीन घरटं म्हणून नोंदवू नका, पाणी चढतंय म्हणून ती जुनंच उंच करत असते.

आता हिशेब. अंडी बहुधा दोन, उबवण ३१ ते ३४ दिवसांची. ५ ऑगस्टला अंडं पडलं तर पिल्लू ५ ते ८ सप्टेंबरच्या सुमारास. दुसरं अंडं मागाहून पडतं, म्हणून तारखा दोन धरा. एक-दोन दिवसांत पिल्लू घरटं सोडून आईबापांमागे चालू लागतं, तेव्हा रिकामं घरटं पाहून घाबरू नका. मात्र उडायला त्याला ८५ ते १०० दिवस लागतात, म्हणजे डिसेंबर उजाडतो. हलकं धान तर ऑक्टोबरातच कापणीला येतं. आणि धोका दिसला की पिल्लू पळत नाही, दबून बसतं. हार्वेस्टरचा ड्रायव्हर वरून काय पाहणार! म्हणून कापणीच्या आदल्या दिवशी शेतकऱ्याशी बोलून घ्या. कापणी एका बाजूने सुरू करून दुसरी बाजू मोकळी ठेवली की आईबाप पिल्लांना घेऊन निघून जातात. एकाच वेळी चारही बाजूंनी विळे लागले तर मध्येच अडकतात.

वहीत रोज तारीख, वेळ, पाण्याची पातळी, कोण बसलं, कुत्री दिसली का आणि फवारणी झाली का, एवढं पुरे. शेतावरून विजेच्या तारा जात असतील तर त्यांची जागाही टिपा, मोठे सारस तारांना धडकून मरतात. जखमी पक्षी दिसला तर स्वतः पकडायला जाऊ नका, चोच डोळ्यावर बसते. वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा आणि माणसं येईपर्यंत कुत्री लांब ठेवा. फोटो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचाच असेल तर पिल्लं उडाल्यावर टाका, आणि तेव्हाही गावाचं नाव गाळून.