मुंबईच्या उपनगरात वीज कंपनी बदलण्याआधी

मुंबईच्या उपनगरात बऱ्याच भागांत टाटा पॉवर की अदानी, हे ग्राहकाला स्वतः ठरवता येतं. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने टाटांचा किरकोळ वीजविक्रीचा हक्क मान्य केला आणि २००९ पासून तारा एका कंपनीच्या, वीज दुसरीची, अशी सोय झाली. दर दोघांचेही राज्य वीज नियामक आयोगच मंजूर करतो. तरी हिशेब चुकला तर भुर्दंड आपल्यालाच.

आधी वर्षभराची बिलं काढा आणि महिन्यागणिक युनिट लिहा. सरासरीवर विसंबू नका, कारण मे महिन्यात एसी चालतो, जानेवारीत नाही, आणि घरगुती दर टप्प्यांनी लागतो: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. ३५० युनिट जळले तर पहिले १०० एका दराने, पुढचे २०० दुसऱ्या आणि उरलेले ५० तिसऱ्या. खालच्या टप्प्यात स्वस्त असलेली कंपनी वर महाग पडू शकते, म्हणून दोघांचं चालू दरपत्रक घेऊन बाराही महिने मांडा.

यात वहन आकार, म्हणजे तारांमधून वीज घरापर्यंत पोहोचवण्याचं शुल्क, हमखास निसटतो. तारा जुन्या कंपनीच्याच राहणार असतील, तर वहन आकार तिच्याच दराने द्यावा लागतो. म्हणजे नव्या कंपनीच्या स्वतःच्या तारांवरच्या ग्राहकाचं बिल शेजाऱ्याकडून आणून तुलना केली, तर ती फसवी. स्थिर आकार, इंधनाच्या खर्चाप्रमाणे कमीजास्त होणारा इंधन समायोजन आकार आणि बदलणाऱ्या ग्राहकाला लागणारे अधिभार धरूनच बेरीज करा. दारावर आलेला प्रतिनिधी फक्त युनिटचा दर सांगत असेल, तर सही करू नका. हे सगळं लेखी मागा.

फरक खरंच पडत असेल तर थकबाकी मिटवून अर्ज करा. जुनी अनामत कधी परत मिळणार आणि नवी किती भरायची, हेही विचारून घ्या.

बिलात घोळ झाला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपाल. थकबाकीसाठी वीज तोडायची तर कंपनीला पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते.