जवाचं माल्ट घरी करायचं तर: गावातल्या घरची तयारी

आधी कायद्याचं सांगून टाकतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बीअर करणं हा 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि वर्धा-गडचिरोलीत तर जिल्हाच कोरडा. म्हणून ही तयारी यीस्ट घालण्याच्या अलीकडे थांबते: जवाला मोड, मोडाचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, आणि माल्टचं गोड पाणी, म्हणजे वर्ट. तसंही धान्याशी खरी झटापट एवढ्यातच असते.

मुहूर्त डिसेंबर-जानेवारीचा धरा. जवाला मोड यायला 15 ते 18 अंशांचा गारवा लागतो. एप्रिलात आपल्याकडे तो शोधूनही सापडत नाही, धान्य आंबून जातं.

सगळ्यात जास्त वेळ जव मिळवण्यात जातो. किराण्यात पांढरं, गुळगुळीत, पॉलिश केलेलं बार्ली मिळतं. त्याला मोड येत नाही. आपल्याला सालासकट जव हवा, कारण पुढे गाळताना तीच साल चाळणीचं काम करते. पूजेच्या दुकानात तो पुडीने मिळतो. दोन-चार किलो हवा असेल तर तालुक्याच्या धान्य व्यापाऱ्याला नागपूरच्या इतवारीतून मागवायला सांगा. कृषी सेवा केंद्रातलं लाल-गुलाबी रंगाचं बियाणं मात्र कितीही चांगलं दिसलं तरी नको, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. जव आणला की पेरणीआधी सोयाबीनची उगवण पाहता तशी पाहा: शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे. सोयाबीनला सत्तर चालतात, इथे पंचाण्णवच्या आसपास हवेत. न उगवलेला दाणा साखर तर देत नाहीच, वर बुरशी धरतो.

घरची ज्वारी असताना जव कशाला, असं कोणीतरी म्हणेलच. ज्वारीचं माल्ट होतं, आफ्रिकेत त्याची बीअरही करतात. पण ज्वारीच्या कोंबात आणि मुळात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. कोवळी ज्वारी खाऊन गुरं दगावतात ती यामुळेच. वाळल्यावर कोंब-मुळं चोळून, पाखडून पूर्ण काढावी लागतात. शिवाय तिचा स्टार्च जास्त उष्णतेशिवाय मोकळा होत नाही. पहिल्या खेपेला जवच घ्या. जव कमी पडला तर घरचा गहू मिसळा, पण निम्म्याच्या आत. गव्हाला साल नाही, गाळताना लगदा होतो.

भिजवण्याला एक मोठी परात आणि तागाचं पोतं पुरे. आठ तास पाण्यात, आठ तास निथळत, असं आलटून-पालटून करायचं. किलोभर जवाचं वजन दीड किलोच्या थोडं वर गेलं की पाणी बंद. मग पोत्यावर पसरून दिवसातून दोन-तीनदा हाताने वरखाली करा, नाहीतर मुळं एकमेकांत गुंततात. चार-पाच दिवसांत सालीखालचा कोंब दाण्याच्या पाऊण लांबीला येतो. दाणा उभा चिरून बघा, तिथेच थांबवायचं. दोन-तीन दिवस पौषातल्या उन्हात कडकडीत वाळवा, चोळा, सुपाने पाखडा.

पाण्याकडे दुर्लक्ष नको. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी अजिबात घेऊ नका. आटवताना खारटपणा आणखी वाढतो. तिथे आरओचा जार आणा.

दळणासाठी गिरणीवाल्याला भरडाच हवा असं दोनदा सांगा. बारीक पीठ झालं की गाळणं संपलं. घरी जातं असेल तर उत्तम: दाणा दोन-तीन तुकड्यांत फुटावा, साल शाबूत राहावी.

थर्मामीटर दूध डेअरीवाल्यांकडचा, शंभर अंशांपर्यंतचा. तापाचा बेचाळिसावर संपतो. नसेलच तर दोन भांडी उकळतं पाणी आणि एक भांडं थंडीतलं गार पाणी मिसळलं की साधारण 72-73 अंश होतात. किलोला तीन लिटर या हिशेबाने त्यात भरडा घाला, मिश्रण 65-67 वर येतं. झाकण, वर दोन गोधड्या, आणि तासभर उघडून बघायचं नाही. या उष्णतेला जवातली एन्झाइम स्टार्चची साखर करतात. फार तापलं तर ती मरतात. तासानंतर चमचाभर रस थंड करून मेडिकलमधल्या आयोडीनचा थेंब टाका. निळा-काळा झाला तर अजून अर्धा तास थांबा.

धुतलेल्या मलमलीतून गाळून वरून 75 अंशांचं पाणी हळूहळू ओता. त्याहून गरम पाण्याने सालीचा तुरटपणा उतरतो. रस लगेच तासभर उकळा, हवं तर सुंठ आणि वेलची टाका. हॉप्स, म्हणजे बीअरला कडवटपणा देणारी फुलं, आपल्याकडे पिकत नाहीत, ऑनलाइन येतात. पहिल्या खेपेला तो खर्च कशाला?

हे गोड पाणी गार करून त्याच दिवशी प्या. उघडं राहिलं तर हवेतलं यीस्ट परवानगी विचारत नाही. टिकवायचं असेल तर काकवीइतकं दाट आटवून बरणीत भरा. चोथा संध्याकाळच्या आत थोडा थोडा कुटारात मिसळून गाईला घाला. शिळा, आंबट वास आलेला टाकून द्या.