आपल्या गल्लीचा नकाशा कसा करावा

शिकागोतील हल हाउस हे गरीब वस्तीत राहून शेजाऱ्यांसाठी काम करणाऱ्यांचे केंद्र १८८९ साली सुरू झाले आणि तेथे राहणाऱ्या या कार्यकर्त्यांनी १८९५ मध्ये आसपासच्या प्रत्येक कुटुंबाची आठवड्याची मिळकत व मूळ देश रंगांनी दाखवणारे नकाशे छापले. कोल्हापुरातील मंगळवार पेठेसारख्या जुन्या, दाट वस्तीत हीच रीत वापरावी. प्रथम घरांचे चौकोन काढावेत, मग राहणाऱ्यांची परवानगी घेऊन माणसे, खोल्या, नळ, शौचालये मोजावीत आणि खिडक्या तर कटाक्षाने मोजाव्यात, कारण न्यूयॉर्कच्या चाळींतील आतल्या खोल्या अंधाऱ्या, कोंदट होत्या व तेथे क्षय फोफावत असे. म्हणूनच न्यूयॉर्कच्या १९०१ च्या कायद्याने नव्या इमारतींत खोलीखोलीला बाहेर उघडणारी खिडकी सक्तीची केली. नावे मात्र लिहू नयेत. रंगवलेला नकाशा आधी गल्लीतल्यांना दाखवून, चुका दुरुस्त करून, मगच महापालिकेकडे द्यावा.