जुन्या गाडीची कंपनी फिटेड म्युझिक सिस्टीम बिघडली? नवी घेण्याआधी या चुका टाळा

गाडी जुनी झाली आणि टेप बोलेनासा झाला, की पहिला संशय डॅशबोर्डमधल्या युनिटवर. नजरेसमोर तेच असतं, बटणंही त्याचीच. पण तिथून निघालेला आवाज कानापर्यंत येताना कपलर (वायरी जोडणारा सॉकेट), दारातल्या वायरी, काही गाड्यांत आवाज वाढवणारा वेगळा अँप आणि शेवटी स्पीकरचा कागदी पडदा एवढं सगळं पार करून येतो. उन्हातान्हात, दमट हवेत आणि दारांच्या आपटाआपटीत थकतात ते जास्त करून हे भाग. म्हणून युनिट बदलायची घाई ही सगळ्यात महागात पडणारी चूक. नवं युनिट बसवूनही डावा मागचा स्पीकर मुकाच राहिला, की मग दार उघडून वायर बघायचं सुचतं.

लक्षण न बघताच डॅशबोर्ड खोलणं

आधी गाडीत बसून नीट ऐका. आवाज चारही कोपऱ्यांतून गेलाय की एकाच? फक्त रेडिओला खरखर आहे की सीडी, ऑक्स (मोबाईल जोडायची वायर), सगळीकडे? इंजिन बंद असताना ठीक आणि चालू केल्यावर बिघडतं का? दार उघडताना-मिटताना आवाज येतो-जातो का? एवढ्या चार प्रश्नांत अर्धं काम होतं. आणि हो, बॅलन्स (आवाज डावीकडे-उजवीकडे) आणि फेडर (पुढे-मागे) बघा. मागच्या सीटवरच्या मुलांनी किंवा सर्व्हिसिंगवाल्याने ते एका टोकाला नेऊन ठेवलेले असतात आणि आपण स्पीकर उडाला म्हणून हळहळत बसतो.

सीडी छान वाजते पण एफएम पकडत नाही, तर अँप, वायरी, स्पीकर सगळं धडधाकट आहे. अँटेनाकडे वळा. छतावरच्या अँटेनाच्या बुडाशी पाणी शिरून गंज चढतो, काचेतल्या अँटेनाच्या छोट्या बूस्टरला सप्लाय पोचत नाही, किंवा युनिटमागची अँटेनाची पिन नुसती सैल झालेली असते. त्याआधी मोबाईलचा चार्जर आणि डॅशकॅम सॉकेटमधून काढून बघा. स्वस्तातला चार्जर एफएममध्ये भरपूर खरखर सोडतो.

फ्यूज डोळ्यांनी बघून ‘ठीक आहे’ म्हणणं

युनिटला साधारणपणे दोन सप्लाय असतात. एक बॅटरीवरून कायमचा, ज्यावर स्टेशनं आणि सेटिंग लक्षात राहतात. दुसरा किल्ली फिरवल्यावर येणारा. युनिट चालू होतं पण दर वेळी सगळं विसरतं, तर कायमचा सप्लाय बघा. अजिबात चालू होत नाही, तर दोन्ही तपासा. कायमच्या सप्लायचा फ्यूज बऱ्याच गाड्यांत केबिनच्या दिव्याशी किंवा घड्याळाशी जोडलेला असतो, त्यामुळे तेही बंद असेल तर धागा हाती लागलाच. बऱ्याच युनिटांच्या पाठीवर आणखी एक फ्यूज असतो, बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा, आणि तो हमखास विसरला जातो.

मल्टीमीटरची एक तार गाडीच्या पत्र्याला ठेवून फ्यूजच्या दोन्ही टोकांवर एकेक करून व्होल्टेज बघा, कारण केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाही. आणि फ्यूज सारखा उडतोय म्हणून मोठा फ्यूज घालू नका. तो वायरीला वाचवायला असतो. १५ च्या जागी ३० घातला, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर तापेल.

बॅटरीही मोजून घ्या. गाडी काही तास उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. बॅटरी थकलेली असेल तर आवाज वाढवताच युनिट बंद पडून पुन्हा सुरू होतं, आणि दोष विनाकारण त्याच्या माथी येतो.

चारही स्पीकर गेले म्हणजे युनिट गेलं, असं धरणं

इथे जरा थांबू, कारण चांगली युनिटं भंगारात जातात ती या समजापायी. गेल्या दोन-तीन दशकांतल्या जवळपास सगळ्या युनिटांत स्पीकरची वजा वायर गाडीच्या बॉडीला जोडलेली नसते. युनिट चालू असताना स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॉडीच्या तुलनेत सप्लायच्या निम्मे, म्हणजे सहा-सात व्होल्ट असतात, आणि आवाज निघतो तो त्या दोघींमधल्या फरकातून. आता चारपैकी एका दारातली एक वायर घासून पत्र्याला टेकली, तर युनिटमधली आवाज वाढवणारी चिप स्वतःला वाचवायला सगळेच स्पीकर गप्प करते. डिस्प्ले चालू, बटणं चालू, आवाज शून्य. याच कारणाने, जुन्या सवयीने स्पीकरची वजा वायर थेट बॉडीला अर्थ करणं म्हणजे चिप जाळायला निमंत्रण.

तपासायची रीत सोपी. युनिट बंद करून स्पीकरचा कपलर काढा. प्रत्येक वायर आणि बॉडी यांच्यात मल्टीमीटरने रोध मोजा. जोड दिसता कामा नये. जिथे दिसेल ते दार तुमचं. मग कपलर लावून, युनिट चालू करून एकाच स्पीकरच्या दोन वायरींमधलं डीसी व्होल्टेज बघा. ते शून्याच्या जवळ हवं. एक-दोन व्होल्ट सातत्याने दिसत असतील तर मात्र चिप खरंच गेली आहे, आणि ती स्पीकरची कॉइलही जाळेल.

वायर तुटण्याची हमखास जागा म्हणजे दार आणि खांब यांच्यामधली रबरी नळी. दार दिवसातून कितीदा उघडतं याचा विचार करा. रबर मागे सरकवलं की आत तांबं तुटलेली, नुसत्या प्लॅस्टिकच्या आवरणावर लोंबकळणारी वायर सापडते. काच वर-खाली करणारी मोटरही त्याच दारात अडखळत असेल, तर आधी ही नळीच बघा. जोड देताना सोल्डर करून हीट श्रिंक (तापवल्यावर आकसणारी नळी) चढवा. नुसता पीळ आणि टेप उन्हात चिकट होऊन सुटतो.

स्पीकरसाठी साधा उपाय: वायरी सोडवून १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. टक्क आवाज आला तर कॉइल जिवंत. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर ३ ते ४ च्या दरम्यान दाखवतो. ट्वीटरला मात्र कपॅसिटर असतो, तिथे मीटरने ‘तुटलेलं’ दाखवलं तर घाबरू नका. नवा स्पीकर बसवताना जुन्याच्या चुंबकावरचा ओहमचा आकडा वाचा. वेगळा अँप असलेल्या काही महागड्या सिस्टीमचे स्पीकर २ ओहमचे किंवा त्याहूनही कमी असतात, तिथे ४ ओहमचा लावला तर आवाज मंद वाटतो. अधिक-वजा उलटे जोडले तर आवाज येतो, पण बास गायब होतो.

इंजिनासोबत चढणारी शिट्टी स्पीकरवर ढकलणं

ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टीचा स्वर चढत असेल, तर स्पीकर निर्दोष आहे. मोबाईल चार्जिंगला आणि ऑक्सला एकदमच लावलेला असताना येत असेल तर चार्जर काढताच थांबेल; तिथे ऑक्सच्या वायरीत ही शिट्टी अडवणारा छोटा ग्राउंड लूप आयसोलेटर लावून भागतं. सगळीकडेच येत असेल तर युनिटचा अर्थ गंजलाय का बघा. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवर एसी व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अल्टरनेटरचे (इंजिनवर बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचे) डायोड संशयित.

उरलेल्या काही चुका

आवाजाची कळ फिरवताना आकडा उड्या मारत असेल तर कळ किती फिरली ते ओळखणारा आतला एन्कोडर मळलाय. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून कळ भरपूर फिरवा. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे नको, त्यावर पुन्हा धूळ बसते. थंड असताना चालतं आणि तापल्यावर बंद होतं, तर बोर्डवरचं सोल्डर तडकलेलं असू शकतं. हे काम इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

बॅटरी काढण्याआधी रेडिओचा कोड हाताशी आहे ना ते बघा. बरीच जुनी युनिटं सप्लाय गेला की कोड मागतात आणि अंदाजाने चुकीचे आकडे घातले की काही काळ लॉक होतात. कोड गाडीच्या पुस्तिकेतल्या कार्डावर असतो, नाहीतर युनिटच्या अंगावरच्या सीरियल नंबरवरून कंपनीच्या डीलरकडून मिळतो.

आणि अखेर युनिट बदलायचंच ठरलं, तर मूळ कपलर कापू नका, अडॅप्टर वापरा. काही गाड्यांत कायमच्या आणि किल्लीच्या सप्लायच्या पिना नेहमीपेक्षा उलट्या असतात. अडॅप्टरमधल्या पिवळ्या आणि लाल वायरींची अदलाबदल केली नाही तर नवं युनिटही किल्ली काढताच सगळं विसरेल.