उरलेलं जेवण देताय? कार्यालयं, केटरर्स आणि हॉटेलवाल्यांनो, या चुका टाळा

लग्नसराईत माझा फोन हमखास रात्री साडेअकराला वाजतो. "दादा, शंभर माणसाचं जेवण उरलंय. मसालेभात, आमटी, बासुंदी. गाडी पाठवा की लगेच." माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "भात चुलीवरनं कधी उतरवला?" पलीकडे आचाऱ्याला हाक मारली जाते आणि उत्तर येतं, "साडेसहाला." अशा वेळी नको म्हणताना जीव तुटतो. कारखान्याच्या रस्त्याला ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या आहेत, तिथं हे जेवण आठ वाजता पोचलं असतं तर पोरंबाळं पोटभर जेवली असती.

सांगली-मिरज-कुपवाड भागात आम्ही काही जण असं अन्न गोळा करून पोचवतो. देणाऱ्यांच्या दानतीबद्दल माझी तक्रार नाही. अन्न हातचं जातं ते शेवटच्या दोन तासांत, आणि दर वेळी त्याच त्या चुकांनी.

सगळ्यात मोठी चूक फोनच्या वेळेची. पंगती उठतात, वऱ्हाडाच्या गाड्या सुटतात, घासायला भांडी बाहेर येतात आणि मग कुणाला तरी उरलेल्या अन्नाची आठवण होते. खरं तर शेवटच्या पंगतीची पानं मांडली जातात तेव्हाच आचाऱ्याला कळलेलं असतं, की मागचं एक पातेलं आता लागत नाही. फोन त्या वेळी करा. आदल्या दिवशीच किती पानांचा स्वयंपाक आहे आणि जेवणाची वेळ काय हे कळवलंत, तर आमची माणसं डबे घेऊन आधीच भटारखान्याच्या दाराशी थांबतील.

बुफे असेल तर आणखी एक चूक होते. काउंटरवरच्या भाजीला दोनशे जणांचे हात लागलेले असतात, आतलं पातेलं मात्र झाकलेलं असतं. आवराआवरीत वाढपी जागा वाचावी म्हणून दोन्ही एकत्र ओततो आणि चांगलं पातेलंही बाद होतं. काउंटरवर थोडं थोडं भरत राहा, आतलं आतच राहू द्या.

आता भाताबद्दल. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बहुतेकांना भात हा सगळ्यात निर्धोक पदार्थ वाटतो. तांदळात बॅसिलस सेरेअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक सुप्त रूपं असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. मोठ्या पातेल्यावर घट्ट झाकण ठेवलं, की मधला भात तासन्‌तास कोमट राहतो आणि त्या उबेत ते वाढतात. 5 ते 60 अंश सेल्सिअस हा अन्नासाठी धोक्याचा पट्टा. सांगलीच्या एप्रिलमध्ये तर संध्याकाळची हवासुद्धा या पट्ट्यातच असते. म्हणून भात एकतर वाफाळता, 60 अंशांच्या वर ठेवा, नाहीतर पसरट परातींत पातळ थर करून लवकर गार करा आणि फ्रिजमध्ये टाका. बाहेर राहिलेलं अन्न दोन तासांच्या आत वाटून खाल्लं जावं. चार तास उलटलेलं आम्ही उचलतच नाही. "परत एक उकळी देतो की" असं आचारी मामा प्रेमानं म्हणतात, पण काही जिवाणूंनी तयार केलेलं विष उकळीनंही जात नाही. बासुंदी, मठ्ठा आणि ओल्या खोबऱ्याची चटणी यांना तर हा नियम दुप्पट कडकपणे लावा. पुऱ्या, बुंदी, जिलेबी त्या मानानं बरीच तग धरतात.

कायद्याच्या बाबतीत दोन उलटसुलट गैरसमज ऐकायला मिळतात. कुणाला वाटतं दान सक्तीचं झालंय, कुणाला वाटतं दान केलं तर केस होईल. सक्ती आहे ती परदेशात. फ्रान्समध्ये 2016 पासून 400 चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटला विकलं न गेलेलं चांगलं अन्न देण्यासाठी संस्थांशी करार करावा लागतो. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2022 पासून मोठी किराणा दुकानं आणि घाऊक विक्रेते, तर 1 जानेवारी 2024 पासून 250 किंवा जास्त आसनांची रेस्टॉरंट आणि 100 किंवा जास्त खाटांची, स्वतःचं स्वयंपाकघर असलेली रुग्णालयं अशाच नियमाखाली आली. तिथं करार लेखी लागतो आणि दर महिन्याला किती अन्न दिलं याची नोंद ठेवावी लागते. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे अतिरिक्त अन्नाबाबतचे 2019 चे नियम 1 जुलै 2020 पासून लागू आहेत. ते द्याच असं म्हणत नाहीत, पण देणार असाल तर कसं द्यायचं ते सांगतात. अन्न देताना खाण्यालायक हवं, त्यावर नाव, बनवल्याची तारीख आणि शाकाहारी की मांसाहारी हे लिहिलेलं हवं. घेणाऱ्या संस्थेची नोंदणी हवी आणि वाटपाची नोंद हवी. नोंदणी न विचारता दिसेल त्या टेम्पोत पातेली चढवणं ही म्हणूनच चूक आहे.

बेकरी आणि किराणावाल्यांसाठी एवढंच, की पाकिटावरची मुदत संपायची वाट बघू नका. चार-पाच दिवस आधी बाजूला काढलेला माल कामी येतो. मुदत उलटलेला घेता येत नाही.

मिरजेत दवाखान्यांबाहेर नातेवाईक दिवसेंदिवस बसून असतात, त्यातले बरेच कर्नाटकातून आलेले. तिथं बासुंदीच्या बादल्या घेऊन जाण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं. आम्हाला बहुतेक वेळा चपाती, भाजी आणि पातळ आमटी एवढंच मागतात.

उरलेलं सगळं गोठ्यात नेऊन टाकू नका. भात-पुऱ्यांची मोठी पाटी एकदम खाल्ली, की म्हशीच्या पोटात आम्ल वाढतं आणि जनावर दगावूही शकतं. खराब झालेलं अन्न बायोगॅसला किंवा खतखड्ड्यात जाऊ द्या.

विश्रामबागेकडच्या एका कार्यालयातले आचारी मामा खिशात कागदी चिकटपट्टी आणि पेन ठेवतात. पातेलं उतरलं की झाकणावर पट्टी लावतात. परवाच्या डब्यावर लिहिलं होतं, "मसालेभात, शाकाहारी, 14 तारीख, उतरवला 7.10, रात्री 9 च्या आत खाणे." तो डबा आम्ही 8.20 ला कोप्यांवर उघडला, तेव्हा त्यातून वाफ येत होती.